'वेव्हर्ली': एका पौंडाला विकली गेलेली आगबोट

१९४० मध्ये डंकर्कहून सैनिक आणताना 'वेव्हर्ली' ही स्कॉटलंडची बोट बुडाली. तिचंच नाव घेऊन नवी आगबोट १९४६ मध्ये ग्लासगोत पाण्यात उतरली आणि जून १९४७ पासून क्लाइडच्या खाडीत उतारू नेऊ लागली.

दोन्ही बाजूंना मोठाली चाकं आणि ती फिरवणारं वाफेचं इंजिन. आधी कोळशावर, १९५७ पासून तेलावर. तीन सिलिंडर, एकातून सुटलेली वाफ पुढच्याला कामाला येते. हे इंजिन बंद खोलीत दडवलेलं नाही, हे मला फार आवडतं. मधल्या वाटेत कठड्याशी उभं राहा: चकचकीत पोलादी दांडे समोरच पुढेमागे धावतात, गरम तेलाचा वास येतो.

१९७३ च्या हंगामानंतर ती निवृत्त झाली. १९७४ मध्ये जुन्या बोटी जपणाऱ्या हौशी मंडळींना ती अवघ्या एका पौंडाला मिळाली, आणि १९७५ मध्ये ती पुन्हा धावू लागली! १९८१, २००० आणि २०२० मध्ये बॉयलर बदलले.

समुद्रात प्रवासी नेणारी चाकांची आगबोट जगात आता ही एकच उरली आहे. उन्हाळ्यात स्कॉटलंडला गेलात, तर तिचं तिकीट नक्की काढा.