जुन्या ३३५आयचे प्लग आणि कॉइल

२००६ साली आलेल्या बीएमडब्ल्यू ३३५आय सेडानमध्ये तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं एन५४ इंजिन आहे. ताकद सुमारे ३०० अश्वशक्ती. या गाड्या आता जुन्या झाल्या, पण पाय दाबला की अजूनही सुसाट सुटतात. प्लग थकले नसतील तर!

थकले असतील, तर चढावर किंवा ओव्हरटेक करताना गाडी आचके देते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. टर्बोमुळे सिलिंडरमधली हवा दाट होते, तिच्यातून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. त्यात झिजलेल्या प्लगची फट रुंदावलेली. जुनी कॉइल तिथेच मान टाकते. स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०६ यांपैकी कोड दिसला, तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. लगेच सहाच्या सहा कॉइल मागवायची घाई नको. संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावावी. कोडही तिच्यामागे गेला, तर चोर सापडला.

दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नये. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं, आणि तो प्लगपेक्षा कितीतरी महाग.

प्लग काढायचे ते इंजिन गार झाल्यावरच, कारण सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं, गरम असताना आटे खराब होऊ शकतात. सॉकेट १४ मिमीचा, बारा कोनांचा, पातळ भिंतीचा लागतो. प्लगच्या खळग्यात तेल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट आधी बघावं, नाहीतर नव्या कॉइलचंही तेच होईल.

नवा प्लग आधी हातानेच फिरवावा. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, २३ न्यूटन-मीटर.