हृदयातले रक्त किती दाट?

आम्ही बोलणार रक्ताविषयी, पण आरंभ राजूरच्या चुन्यापासून करतो. भिजविलेला चुना ढवळीत असता सैल असतो, स्वस्थ राहिला की आळतो. रक्ताची तऱ्हा तीच. वेगात ते पाण्याच्या चार-पाच पट दाट. संथ झाले की तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींस चिकटतात व दाटपणा कितीतरी वाढतो.

हृदयाची चित्रे घेऊन त्यांवरून प्रवाहाचे गणित संगणकावर मांडतात, तेव्हा पुष्कळदा दाटपणाचा एकच आकडा धरतात. खालच्या, जोराने आकुंचन पावणाऱ्या कप्प्यांत तो बहुधा चालून जातो. पण वरच्या डाव्या कप्प्याला एक लहानशी पिशवी असते. ठोके अनियमित झाले की तीत रक्त रेंगाळते आणि गुठळी धरते. नेमके तेथेच हे गणित फसण्याचा संभव. म्हणून कॅसन यांचे १९५९ चे सूत्र रक्तालाही लावतात. मूळचे ते छपाईच्या शाईसाठी, बरे का!

आमच्या विदर्भात सिकलसेलचे रोगी पुष्कळ. प्राणवायू कमी पडला की त्यांच्या पेशी विळ्यासारख्या वाकून ताठरतात, रक्त दाटते. उलट पेशी घटल्याने ते पातळही झालेले असते. अशा रोग्याला निरोग्याचा आकडा लावणे आम्हांस मान्य नाही. आधी त्याचेच रक्त तपासावे, मग गणित मांडावे.