कामाची तारीख का सरकली?

सातपुड्यात सुमारे १,१५० मीटर उंचीवरच्या तोरणमाळला जाणाऱ्या घाटात संरक्षक भिंत बांधायची आहे, असे समजू. खोदकाम मेअखेर संपते. काँक्रीटची सुरुवात मात्र मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे नियोजनाचे सॉफ्टवेअर थेट ऑक्टोबरात दाखवते.

आधी कॅलेंडर तपासावे. जून ते सप्टेंबर हे पावसाळी महिने त्यात बंद ठेवले असतील, तर तारीख बरोबरच आहे.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे हाताने टाइप केलेली तारीख. तारीख आपोआप ठरणाऱ्या ‘ऑटो’ पद्धतीच्या कामाला सुरुवातीची तारीख दिली, की ‘याआधी सुरू करू नये’ अशी अट लागते. मग खोदकाम लवकर आटोपले तरी काँक्रीट अलीकडे येत नाही. अट बदलून ‘शक्य तितक्या लवकर’ करावी.

याशिवाय दोन कामांच्या जोडणीत ठेवलेले अंतर, मजुरांचे वेगळे कॅलेंडर, आधीच नोंदवलेली प्रत्यक्ष सुरुवात हीही कारणे असतात.

उलट, तारीख सरकायला हवी असूनही न सरकण्याचे कारण वेगळे असते: २०१० च्या आवृत्तीपासून नवी कामे मुळात ‘मॅन्युअल’ पद्धतीने नोंदली जातात. आधीचे काम लांबले तरी ती जागची हलत नाहीत.

नेमके कारण ‘टास्क इन्स्पेक्टर’मध्ये दिसते. कामाची ओळ निवडून तो उघडावा.