रोल तोच, भाव वेगळा

उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावात फोटोचा रोल दुकानात मिळेनासा होऊन बरीच वर्षं झाली. तरी माळ्यावरचा याशिका किंवा आगफा क्लिक कॅमेरा खाली उतरवून ‘रोल घालून बघू तरी’ म्हणणारी पोरं आता पुन्हा दिसतात. मोबाइलवर शोधाशोध केली की आधी डोळ्यांत भरतो तो भाव. एका कंपनीचा छत्तीस फोटोंचा रोल शेकड्यांत, दुसरीचा हजारावर, तिसरीचा त्याच्याही पुढे. त्यात परदेशातला नातेवाईक सांगतो की त्याच्याकडे हाच रोल स्वस्त आहे. मग तर्क सुरू होतात. चांदी महागली, दुकानदार लुटतो, महाग तोच चांगला. या प्रत्येक तर्कात खऱ्याचा एक कण आहे, आणि त्या कणाच्या जोरावरच बाकीचं खोटं खपून जातं.

‘फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून ती महाग’

चांदी असते, पण किती? छत्तीसच्या रोलची पट्टी ३५ मिलिमीटर रुंद आणि साधारण दीड मीटरहून थोडी अधिक लांब. एका चौरस मीटर फिल्मवर चांदी काही ग्रॅमच बसते, म्हणजे एका रोलच्या वाट्याला ढोबळमानाने पाव ग्रॅम. चांदी किलोला एक लाख धरली तर ही पंचवीस रुपयांची झाली. भाव दुप्पट झाला तर पन्नास. हजाराच्या डबीत तेवढीच. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला ५० डॉलरपर्यंत चढली, तेव्हा फिल्म कंपन्यांनीही भाव वाढवले होते. मार्चमध्ये ती चांदी कोसळली. असे धक्के बसतात, पण रोज रोलचा भाव ठरतो तो दुसऱ्याच ठिकाणी.

ते ठिकाण म्हणजे कारखाना. मीटरभराहून रुंद प्लास्टिकच्या पट्ट्यावर पूर्ण अंधारात रसायनांचे एकावर एक थर चढवायचे. रंगीत फिल्मला डझनभराहून जास्त थर लागतात, आणि सगळे मिळून त्यांची जाडी केसाइतकीही भरत नाही. हे यंत्र सुरू करायला खर्च, थांबवायला खर्च, आणि एकदा सुरू झालं की एका दमात हजारो रोलांचा माल बाहेर पडतो. मंडईत गिऱ्हाईक कमी झालं की टोमॅटो स्वस्त होतो, म्हणून लोकांना वाटतं की डिजिटलनंतर रोलही स्वस्त व्हायला हवा होता. इथे उलटं घडतं. कारखान्याचा तोच खर्च कमी रोलांवर वाटला गेला की प्रत्येक रोल महागतो. रॉचेस्टरच्या ईस्टमन कोडॅकने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि ही कंपनी एकेकाळी साऱ्या जगाला पुरेल एवढी फिल्म काढत होती. आज मागणी थोडी परतली असली तरी बंद झालेली यंत्रं तिच्याबरोबर परतलेली नाहीत.

‘जिथे बनतो तिथे स्वस्त, आपल्याकडे दुकानदार लुटतो’

जिथे बनतो तिथे स्वस्त हा नियम नाहीच. नव्वदच्या दशकात कोडॅकची तक्रार बरोबर उलटी होती. फुजी स्वतःच्या जपानात भाव चढे ठेवते, त्या नफ्याच्या बळावर बाहेर स्वस्त विकते, आणि जपानी घाऊक व्यापाराची साखळी आम्हाला आत शिरू देत नाही, असं तिचं म्हणणं. अमेरिकेने हे भांडण जागतिक व्यापार संघटनेत नेलं आणि १९९८ मध्ये ती हरली. हरली तरी एक गोष्ट उघड झाली. स्पर्धा किती आहे आणि गिऱ्हाईक किती देईल हे पाहून कंपन्या प्रत्येक देशात वेगळा भाव लावतात.

उमरग्याच्या जुन्या माणसांना हे वेगळं शिकवायला नको. उमरगा निजामाच्या राज्यात असताना सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने माल हद्दीत आला की त्यावर करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात, बसायची. शिवाय सोलापुरात इंग्रजांचा कलदार रुपया आणि इकडे निजामाचा हाली सिक्का, सात हाली म्हणजे सहा कलदार. वस्तू तीच, पण एका दिवसाच्या प्रवासात भाव बदलायचा. तो बदलायचा जकातीने आणि चलनाने. आजही रोलच्या देशोदेशीच्या भावफरकात हीच दोन कारणं सगळ्यांत जड आहेत.

आधी जकात पाहू. आयात शुल्क नुसत्या मालाच्या किमतीवर लागत नाही, विमा आणि वाहतूक धरून येणाऱ्या किमतीवर लागतं. उदाहरणापुरतं समजा, बंदरात पोचलेला रोल १०० रुपयांचा आणि शुल्क १० टक्के. शुल्काचे १० रुपये, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे आणखी १ रुपया, झाले १११. आता जीएसटी या १११ वर लागतो, १०० वर नव्हे. १८ टक्क्यांनी तो वीस रुपयांच्या आसपास, म्हणजे जवळपास १३१. मग आयातदार, वितरक, दुकानदार यांचा नफा, आणि आयातदार शंभर पेट्यांऐवजी चारच मागवत असेल तर वाहतुकीचा बोजाही जास्त. यात लूट कुठेच नसते असं मी म्हणणार नाही, पण लूट सुरू होण्याआधीच रोल बराच वाढलेला असतो.

त्यात तुलनाही सरळ नसते. अमेरिकेत फळीवरच्या भावात विक्रीकर धरलेला नसतो, तो बिलात लागतो. ब्रिटन-जर्मनीत भाव कर धरूनच लिहितात. आपल्या एमआरपीतही सगळे कर आलेले असतात. अमेरिकेतला नातेवाईक सांगतो तो आकडा बहुधा कराविना असतो.

आता चलन. १९९३ मध्ये, म्हणजे किल्लारी-सास्तूरच्या भूकंपाच्या वर्षी, डॉलर एकतीस रुपयांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तो पंच्याऐंशीच्या वर गेला. कारखान्याने डॉलरमधला भाव तसूभर वाढवला नसता तरी इथे रोल पावणेतीनपट झालाच असता.

‘मग पूर्वी कसा परवडायचा?’ असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर धोरणात आहे. साठ-सत्तरच्या दशकांत परकीय चलनाची चणचण होती, म्हणून पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनची ‘ऑर्वो’ फिल्म रुपयांत व्यवहार करून यायची. सिनेमावाल्यांनीही ती भरपूर वापरली. दुसरीकडे केंद्र सरकारने १९६० मध्ये उटीजवळ हिंदुस्तान फोटो फिल्म्स काढली आणि तिचे ‘इंदू’ रोल गावोगावच्या स्टुडिओंत पोचले. परदेशातून मोठे जंबो रोल आणून इथे कापायचे, कडेला छिद्रं पाडायची, डबीत भरायचे, हाही धंदा होता. छिद्रं पाडणं तर आपल्याकडे फार जुनं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेऱ्याबरोबर छिद्रं पाडायचं यंत्रही आणलं होतं, आणि रात्री ते काम सरस्वतीबाई करत. इंदूला डिजिटलने मारलं, हा असाच आणखी एक गैरसमज. कंपनी नव्वदच्या दशकातच आजारी पडली होती, तेव्हा डिजिटल कॅमेरा उमरग्यात कोणी पाहिलाही नव्हता.

‘जितके ब्रँड तितके कारखाने’

नाही. रंगीत फिल्म मोठ्या प्रमाणावर काढणारे कारखाने आता जगात बोटांवर मोजण्याइतके उरलेत. फुजीच्या काही हिरव्या डब्यांवर आज ‘मेड इन यूएसए’ छापलेलं असतं. कोडॅकची फिल्म ईस्टमन कोडॅक बनवते, पण २०१३ नंतर छायाचित्रणाचे रोल विकण्याचं काम मुख्यतः कोडॅक अलारिस या वेगळ्या कंपनीकडे गेलं. आगफाफोटो २००५ मध्येच बुडाली. त्यानंतर त्या नावाने आलेला रोल जुन्या आगफाचा समजू नका, नाव भाड्याने दिलेलं आहे. कृष्णधवलमध्ये इंग्लंडातल्या मॉबर्लीची हार्मन कंपनी एकाच कारखान्यात महागडा इलफर्ड आणि स्वस्त केंटमियर काढते. दोन्ही एकच नाहीत, केंटमियरची घडण साधी आहे. चेक देशातल्या फोमाचा कारखाना १९२१ पासूनचा, त्याचा माल साधा आणि म्हणून स्वस्त.

‘महाग रोल, चांगला फोटो’

हा गैरसमज खिशाला सगळ्यांत जास्त चटका देतो. महागड्या रोलात दाणा बारीक असतो, त्वचेचा रंग मवाळ येतो, प्रकाशाचा अंदाज चुकला तरी तो सांभाळून घेतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला याचे पैसे वसूल होतात. पण एप्रिलच्या दुपारी, उमरग्याच्या लखलखीत उन्हात, आगफा क्लिकमध्ये घालण्यासाठी चारशे स्पीडचा, म्हणजे कमी उजेडासाठीचा, महाग रोल घेणं ही उधळपट्टी आहे. क्लिकचं शटर संथ आणि एकाच गतीचं. त्याला शंभरचा स्वस्त कृष्णधवल रोल पुरतो, उलट शोभतो. (क्लिकला १२० चा रोल लागतो. फिल्म जवळपास छत्तीसच्या रोलइतकीच, फोटो मात्र बारा. त्यामुळे फोटोमागचा खर्च तिप्पट.)

ब्रँडपेक्षा जास्त फरक पाडते ती उष्णता. व्यावसायिक फिल्म १३ अंशांच्या खाली ठेवा, असं कोडॅक सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या गोदामात किंवा कुरियरच्या गाडीत दोन महिने तापलेला महाग रोल नीट सांभाळलेल्या स्वस्त रोलपुढे हरतो. रोल फ्रिजमध्ये ठेवावा, पण बाहेर काढल्यावर डबी लगेच उघडू नये. तासा-दोन तासांनी उघडावी, नाहीतर आत दव धरतं.

सुट्या कोऱ्या डब्यांत भरून विकली जाणारी सिनेमाची फिल्म स्वस्त मिळते. तिच्यातल्या बऱ्याच मालाच्या पाठीवर काजळीचा काळा थर असतो आणि धुण्याची रसायनं वेगळी लागतात. नेहमीच्या लॅबच्या यंत्रात ती गेली तर रसायन नासतं, म्हणून लॅबवाले ती घेतच नाहीत. पन्नास-शंभर रुपये वाचवून रोल धुवायलाच जागा नाही, अशी गत होते.

रोल मागवण्याआधी तो कुठे धुऊन मिळेल हे ठरवा, आणि धुलाई, स्कॅन, दोन्ही बाजूंचं कुरियर धरून एका फोटोचा खर्च काढा. डबीवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी आहे ना ते बघा. आयात मालावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे, नसेल तर तो माल बॅगेतून आलेला समजा. मुदतीची तारीख वाचा, आणि रोल मे महिन्यात मागवू नका.