गुडघ्याची वाटी आणि तिची झीज

घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या तोंडीं एक वाक्य वारंवार येतें : "चालतांना तितकेंसें नाहीं, पण जिना उतरतांना जीव जातो." हें वाक्य ऐकून आपण मान हलवितों, 'वयच झालें' असें म्हणून तेल गरम करावयास सांगतों आणि विषय तेथेंच संपवितों. वस्तुतः या एका वाक्यांत रोगाचें अर्धें निदान सांठविलेलें असतें. सपाटीवर फारसा न दुखणारा, परंतु पायरी उतरतांना, पाटावरून उठतांना व उकिडवें बसतांना दुखणारा गुडघा बहुधा आपल्या पुढच्या बाजूच्या सांध्याची, म्हणजे वाटीच्या सांध्याची, तक्रार सांगत असतो. या तक्रारीचीं कारणें कोणतीं व तिजवर खरा उपाय कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाटीचा सांधा

गुडघा बाहेरून एक दिसला तरी त्यांत दोन निरनिराळीं कामें चालतात. मांडीचें हाड नडगीच्या हाडावर टेकतें, हें पहिलें काम. त्यानें शरीराचा भार जमिनीपर्यंत पोंचतो. दुसरें काम वाटीचें. मांडीच्या पुढील बलिष्ठ स्नायूची कंडरा गुडघ्यावरून नडगीकडे जाते, आणि त्या कंडरेतच वाटीचें हाड बसविलेलें असतें. विहिरीवरील कप्पीमुळें जसें घागर ओढण्याचें काम सुकर होतें, तसें वाटीमुळें स्नायूची ओढ गुडघ्यापासून किंचित् पुढें राहते व थोड्या बळानें पाय सरळ करितां येतो. गुडघा वांकला कीं ही वाटी मांडीच्या हाडावरील एका खांचेंतून वरखालीं सरकते. तिच्या पाठीमागील गुळगुळीत कूर्चा मनुष्यशरीरांतील सर्व सांध्यांत जाड असते.

ती इतकी जाड कां, याचें उत्तर भाराच्या हिशेबांत आहे. १९७२ सालीं रायली व मार्टेन्स या संशोधकांनीं हा हिशेब मांडला. सपाटीवर चालतांना वाटीच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारें निमपट दाब पडतो. जिना चढतां-उतरतांना तो तिपटीहून अधिक होतो. आणि खोल उकिडवें बसतांना सातपट-आठपट. साठ किलो वजनाच्या बाईच्या वाटीवर चालतांना तीस किलो, तर जिन्यावर दोनशें किलोंच्या आसपास भार येतो, असा याचा अर्थ. सपाटीवरील चालणें सुसह्य आणि जिना असह्य कां, हें यावरून सहज ध्यानांत येईल.

या कूर्चेची आणखी एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. तिच्यांत रक्तवाहिन्या नाहींत व ज्ञानतंतूही नाहींत. रक्त नसल्यामुळें ती एकदां झिजली कीं पूर्ववत् भरून येत नाहीं. आणि ज्ञानतंतु नसल्यामुळें ती झिजत असतां दुखत नाहीं. झीज खोल जाऊन खालील हाडास व सांध्याच्या अस्तरास उपद्रव झाला म्हणजे दुखणें सुरू होतें. गुडघ्यांत होणारी कटकट मात्र एवढ्यानेंच भिण्याजोगी नव्हे. वेदना व सूज नसेल तर पुष्कळ निरोगी गुडघेही वाजतात.

कारणें

आपल्या प्राचीन वैद्यांस ही व्याधि अपरिचित नव्हती. सांध्यांत वात शिरला असतां वाऱ्यानें भरलेल्या पखालीसारखी लागणारी सूज येते आणि पाय पसरतांना व आंखडतांना वेदना होते, असें वर्णन चरकसंहितेंत आहे. आधुनिक शास्त्र वाताऐवजीं भार, बळ आणि घडण या तीन गोष्टींकडे बोट दाखवितें.

वय व स्थूलता यांमुळें भार वाढतो. तारुण्यांत पडून वाटीचें हाड मोडलें असेल, किंवा वाटी आपल्या जागेवरून पुनःपुन्हां सरकत असेल, तर पुढें झीज लवकर होते. कित्येकांस जन्मतःच मांडीच्या हाडावरील खांच उथळ असते. वाटी मग मधोमध न चालतां बाहेरच्या बाजूस घसटत राहते. स्त्रियांत हा विकार पुरुषांपेक्षां अधिक आढळतो, आणि घराण्याचा वारसाही त्यांत असतो. मात्र सर्व सांधे एकदम धरणारा, सकाळीं तासन् तास ताठरता आणणारा आमवात निराळा. त्याचे औषधोपचार निराळे असल्यामुळें त्याची गल्लत करूं नये.

वैद्याकडे गेल्यावर क्षकिरणांचें छायाचित्र घेण्यांत येतें. केवळ समोरून घेतलेल्या चित्रांत वाटीचा सांधा नीट दिसत नाहीं. एक चित्र बाजूनें, आणि एक गुडघा वांकवून वाटी व खांच यांमधील फट दिसेल असें, घ्यावें लागतें.

आम्हीं केलेली चूक

येथें आमच्याच घरची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आमच्या वृद्ध आत्याबाई दर सोमवारीं पर्वतीस जात. तेथील शंभराहून अधिक पायऱ्या चढतांना नव्हे, तर उतरतांना त्यांचा गुडघा धरूं लागला, तेव्हां आम्हीं सर्वांनीं मिळून त्यांचें चालणें बंद केलें. पर्वती सुटली, मग माडी सुटली, पुढें पाण्याचा तांब्याही खाटेशीं नेऊन ठेवूं लागलों. आम्ही हें सेवा म्हणून करीत होतों. वर्षभरानें आत्याबाईंस खाटेवरून आधारावांचून उठतां येईना. त्यांस तपासणाऱ्या वैद्यांनीं गुडघ्याकडे थोडें व मांडीकडे अधिक पाहिलें. ती अर्धी उरली होती. गुडघा जपण्याच्या नादांत, त्याला सांभाळणारा स्नायूच आम्हीं घालविला होता.

या विकारांतील मर्म हेंच आहे. कूर्चा आपल्या हातीं नाहीं, पण स्नायु आहे. मांडीचा स्नायु सशक्त असला म्हणजे वाटी आपल्या खांचेंत सुरळीत चालते व सांध्यास बसणारे हिसके तो स्वतः झेलतो. दुखतें म्हणून बसावें, बसल्यानें स्नायु क्षीण व्हावा, आणि क्षीण झाल्यानें अधिक दुखावें, हें चक्र प्रथम तोडलें पाहिजे.

उपचार

आरंभ सोप्या व्यायामानें करावा. पाय पसरून बसावें, गुडघ्याखालीं पंचाची गुंडाळी ठेवावी, मांडी आवळून ती गुंडाळी खालीं दाबावी आणि पांच अंक मोजेपर्यंत तसेंच रहावें. असें दहा वेळां. नंतर उताणें निजून एक पाय दुमडावा व दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलावा. हें साधलें म्हणजे उंच खुर्चीवरून, हातांचा टेका न घेतां, सावकाश उठावें व बसावें. कमरेच्या बाजूच्या स्नायूंसही व्यायाम हवा, म्हणून कुशीवर निजून वरचा पाय उचलावा. व्यायामानें थोडें दुखलें तर भिऊं नये. दुसऱ्या दिवशीं दुखणें वाढलेलें दिसलें तर प्रमाण कमी करावें. फल दिसावयास दोन-तीन महिने लागतात, आणि व्यायाम सोडला कीं तें मावळतें.

दुसरा उपाय वजन उतरविण्याचा. अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घ पाहणीचे निष्कर्ष १९९२ सालीं प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांचें वजन दहा वर्षांत सुमारें पांच किलोंनीं उतरलें, त्यांस गुडघ्याचा पीडादायक संधिवात होण्याचा संभव निम्म्याहून अधिक घटला, असें त्यांत आढळलें. शरीराचें एक किलो वजन उतरलें असतां प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार चार किलोंनीं हलका होतो, असें स्थूल रुग्णांच्या २००५ सालच्या अभ्यासांत दिसून आलें. उपवासाच्या दिवशीं साबूदाणा व तळलेले पदार्थ यांनीं पोट भरणाऱ्या आपल्या घरांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

तेलाचें मर्दन व शेक यांनीं बरें वाटतें. तें सुख खुशाल घ्यावें, पण त्यानें कूर्चा वाढेल अशी आशा धरूं नये. वेदनाशामक मलम लावण्यास प्रायः हरकत नसते. पोटांत घ्यावयाच्या गोळ्या मात्र जठर, मूत्रपिंड व रक्तदाब यांस बाधूं शकतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून महिनोन् महिने घेऊं नयेत. ग्लुकोसामाइनचा बराच बोलबाला आहे. परंतु १,५८३ रुग्णांवर झालेल्या व २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत एकंदर रुग्णांस त्याचा गुण निरर्थक गोळीहून विशेष अधिक दिसला नाहीं. स्टेरॉइडच्या सुईनें कांहीं आठवडे आराम पडतो. तथापि २०२० सालच्या एका चांचणींत वर्षअखेर सुई घेतलेल्यांपेक्षां व्यायामोपचार घेतलेल्यांचीच स्थिति चांगली होती. आणि दोन वर्षें दर तीन महिन्यांनीं सुई दिली असतां कूर्चा अधिक झिजते, असें २०१७ सालीं दाखविण्यांत आलें.

इतकें करूनही रात्रीची झोंप व दिवसाचें चालणें दुर्घट झालें, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. झीज केवळ वाटीच्याच सांध्यांत असेल तर तेवढाच भाग बदलतां येतो. ती सर्वत्र पसरली असेल तर संपूर्ण सांधा बदलतात. गुडघा एकाएकीं लाल व गरम होऊन ताप आला, पडल्यानंतर पाय टेकेनासा झाला किंवा गुडघा अडकून बसला, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

घराचें कर्तव्य

जिन्यावर एक नियम पाळावा : चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना दुखरा आधीं, आणि हात कठड्यावर. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातांत धरावी. विळीवरची चिराचीर उंच ओट्यावर न्यावी. शौचकूप उंच बैठकीचा करावा.

सर्वांत अवघड गोष्ट देवघराची ठरते. आत्याबाईंनीं व्यायाम आनंदानें पत्करला, पण देवापुढें खुर्चीवर बसणें त्यांस मानवेना. मांडी मोडून बसतां येत नाहीं म्हणून पूजाच सोडण्याची त्यांची तयारी होती. अखेर आम्हीं खुर्चीचा आग्रह सोडला आणि देव्हाराच उंच चौथऱ्यावर नेला. आतां त्याच्यासमोर खुर्ची ठेविली असतां ती देवांच्या बरोबरीची वाटेना, आणि आत्याबाईंचा हात ताम्हनापर्यंत सहज पोंचूं लागला. पंगतींतही आम्हीं त्यांच्या एकट्यांसाठीं मेज न मांडतां, घरांतील आणखी दोघे-तिघे त्यांच्याबरोबर मेजावर बसूं लागलों.

पर्वतीच्या पायऱ्या त्यांस पुन्हां साधल्या नाहींत, हें खरें. परंतु त्या माडीवर कठडा धरून जातात, स्वतःचें पाणी स्वतः घेतात, आणि सोमवारीं पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चालत जाऊन तेथूनच हात जोडतात. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसास खाटेवर बसवून सर्व कांहीं हातांत देणें सोपें आहे. त्याला उठतां येईल अशी घराची मांडणी करणें, हीच खरी शुश्रूषा असें आम्हांस वाटतें.