घरचा संगणक वारंवार बंद पडतो तेव्हां

घरांतील एखादें माणूस आजारी पडलें म्हणजे कुटुंबांतील प्रत्येकजण वैद्य होतो. घरच्या संगणकाचीही हल्लीं तीच गत झाली आहे. लिहितां लिहितां पडदा स्तब्ध व्हावा, माउस हलेनासा व्हावा आणि क्षणभरानें यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू व्हावें, असें दोन-चार वेळां घडलें कीं आजोबा म्हणतात, ‘व्हायरस शिरला’. काका म्हणतात, ‘यंत्र जुनें झालें’. आणि खेळ खेळणाऱ्या धाकट्या नातवाकडे मात्र सर्वांचेंच बोट वळतें. आरोप होतो, शिक्षाही होते. चौकशी तेवढी राहून जाते. ती चौकशी घरच्या घरीं कशी करावी, याचा विचार आम्हीं येथें योजिला आहे.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकत्र कुटुंबांतील संगणक एकट्याचा नसतो. त्यांत लग्नमुंजीचीं छायाचित्रें असतात, जमिनीचे उतारे असतात, सुनेचा जमाखर्च आणि आजीनें सांगितलेल्या पाककृती असतात. यंत्र एकाएकीं बंद पडतें त्या वेळीं जें लिहिलें जात असेल तें बिघडण्याचा संभव असतो. म्हणून दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी या सर्वांची नक्कल वेगळ्या डिस्कवर उतरून ठेवावी. यंत्र बाजारांत पुन्हां मिळेल. थोरल्या आजोबांचें छायाचित्र मिळणार नाहीं.

पुढील चौकशीस जी शिस्त लागते, ती आम्हां कुर्डुवाडीकरांस परकी नाहीं. या गांवाची भरभराट रेल्वेवर झाली. १८९७ मध्यें एव्हरार्ड काल्थ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी येथूनच बार्शीस धांवूं लागली. ती गाडी आतां गेली. तिच्या जागीं ब्रॉडगेज आली. परंतु चाकाचा आंस तापला तर ड्रायव्हरास दोष देऊन तो निवत नाहीं, कोणतें चाक, किती मैल धांवल्यावर तापलें, हें पाहावें लागतें, ही गोष्ट येथील घराघरांत ठाऊक आहे. संगणकाचेंही तसेंच आहे. एक वही घ्यावी व यंत्र बंद पडलें कीं तारीख, वेळ, सुरू केल्यापासून किती मिनिटें झालीं, कोणतें काम चाललें होतें आणि त्या क्षणीं घरांतील दिवे मंद झाले काय, एवढें टिपून ठेवावें. आठ दिवसांची अशी टिपणें पुष्कळदां रोग स्वतःच सांगतात.

यंत्र अर्ध्या-पाऊण तासानें, विशेषतः दुपारीं, बंद पडत असेल तर पहिला संशय उष्णतेचा घ्यावा. प्रोसेसरवरील पंखा खोलींतील हवाच फिरवितो. तिच्याहून अधिक थंडावा तो कोठून आणणार? खोलींत २८ अंश उष्मा असतां प्रोसेसर ७० अंशांवर राहतो असें धरलें, तर वैशाखांत खोली ४० अंशांवर गेल्यावर तोच प्रोसेसर तितक्याच कामास ८२ अंशांच्या घरांत जाईल. त्यांत आमच्या भागांतील धुळीचा थर पंख्यावर व हीटसिंकच्या पात्यांत बसला कीं हवा जाण्याची वाटच बंद. कित्येक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली कीं ते आपला वेग आपणच कमी करतात, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर यंत्र तडक बंद होतें. उपाय स्वस्त आहे. वायर प्लगमधून काढून, पेटी उघडून मऊ ब्रशानें धूळ झाडावी. ब्लोअर मारतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, म्हणजे तें भरमसाट फिरून बिघडत नाहीं. पेटी भिंतीस चिकटून किंवा कपाटांत कोंडून ठेवूं नये.

पाण्याची मोटार सुरू होतांना किंवा वीज लपकतांना यंत्र रीस्टार्ट होत असेल, तर दोष विजेच्या वाटेवर शोधावा. आपल्याकडे घरगुती दाब २३० व्होल्टचा मानला आहे. तो क्षणभर फार उतरला तर यूपीएसनें सांभाळून घ्यावयाचें असतें. परंतु यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि पुढें तो केवळ शोभेचा राहतो. सैल प्लग, एकाच बोर्डावर जोडलेली इस्त्री, नसलेलें अर्थिंग हींही कारणें वायरमनकडून पाहून घ्यावीं. संगणकांतील वीज पुरविणारी एसएमपीएसची पेटी मात्र घरीं कधींही उघडूं नये. वायर काढल्यानंतरही तिच्यांत धोकादायक वीज सांठलेली असूं शकते.

वेळेचा व विजेचा कांहींच संबंध दिसत नसेल, तर रॅम, डिस्क व प्रणाली यांकडे वळावें. विंडोज बिघाड होतांच स्वतः रीस्टार्ट होते, त्यामुळें निळ्या पडद्यावरील सूचना वाचण्यापूर्वींच नाहींशी होते. सेटिंगमधील ही आपोआप रीस्टार्टची खूण काढून टाकावी व सूचना वहींत उतरावी. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक नांवाची तपासणी यंत्रांतच असते. रॅमच्या दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहावी; संपर्काचा भाग खोडरबरानें हलकेच पुसण्याची दुरुस्तीवाल्यांची रीत आहे. डिस्क टकटक आवाज करीत असेल तर नक्कल उतरण्यास एक दिवसही लावूं नये. सेफ मोडमध्यें यंत्र तासन् तास नीट चालत असेल, तर नव्या ड्रायव्हरचा किंवा कार्यक्रमाचा दोष संभवतो. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, हें सुरक्षिततेच्या दृष्टीनें ध्यानांत घ्यावें. पण तेवढ्यावरून यंत्र त्याचमुळें अडतें, असा निष्कर्ष काढूं नये.

या सर्वांत नियम एकच : एका वेळीं एकच बदल करावा, आणि दोन दिवस वाट पाहावी. धूळ झाडली, रॅम बदलली आणि प्रणालीही नव्यानें घातली, तर गुण कोणाचा तें कधींच कळत नाहीं, व पैसे मात्र तिन्हींचे जातात. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क दोन या संगणकांत बिघाड शोधणाऱ्यांस एका रिलेमध्यें मेलेला पतंग सांपडला. त्यांनीं तो चिकटपट्टीनें नोंदवहींत लाविला. ती वही अमेरिकेंतील संग्रहालयांत आजही आहे. तर्क लढवून तो पतंग हातीं लागला नसता. जागेवर जाऊन पाहिलें म्हणून लागला.

घरच्या उपायांनीं गुण आला नाहीं तर जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे अवश्य जावें. परंतु जातांना ती वही बरोबर न्यावी. ‘मधून मधून बंद पडतो’ या तक्रारीस तो बिचारा काय करणार? ‘दुपारीं, चाळीस मिनिटांनीं, व्हिडिओ चालू असतां’ असें सांगितलें कीं त्याचा वेळ वांचतो आणि आपला खर्चही. आमची वाचकांस आणखी एक विनंती आहे. ही वही लिहिण्याचें काम त्या धाकट्या नातवाकडेच सोंपवावें. ज्याच्यावर आळ आला त्यासच शोधाची संधि मिळेल, आणि निरीक्षण करून मगच बोलावें हा धडा त्यास वडिलांच्या उपदेशावांचून मिळेल.