जुनी मोटार पारखताना (लेखांक सहावा) : जर्मन सेदानची कैफियत

मागील लेखांकांत कुटुंबोपयोगी लहान मोटारींचा विचार झाल्यावर या आठवड्यात एका निराळ्या जातीच्या वाहनाकडे वळतो. चार दारे, पाच आसने आणि प्रशस्त डिकी असूनही जिची गती व वळणांवरील पकड शर्यतीच्या मोटारीशी नाते सांगते, त्या सेदानला बीएमडब्ल्यूने १९६२ मध्ये '१५००' या मोटारीने आणि १९७५ पासून '३ सिरीज'ने जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली; आणि २००७ मध्ये या कंपनीचा जुळणी-कारखाना चेन्नईनजीक सुरू झाल्यापासून ती आपल्या रस्त्यांवरही दिसू लागली.

तासगाव परिसरात द्राक्षाचा हंगाम आटोपून बेदाण्याच्या सौद्यांची रक्कम हाती येऊ लागली, की पुण्या-मुंबईच्या बाजारातील आठ-दहा वर्षे वापरलेली '३ सिरीज'मधील डिझेल '३२० डी' कित्येकांच्या मनात घर करते, आणि ती इच्छा मला मुळीच गैर वाटत नाही. कारण उत्तम यंत्राचा आनंद घेण्याचा अधिकार बागेत राबणाऱ्या माणसालाही तितकाच आहे. मात्र नवी असताना चाळीस लाखांच्या आसपास असलेली ही मोटार आज मध्यम नव्या मोटारीच्या किमतीत मिळत असली, तरी तिचे ब्रेक, टायर, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स यांच्या किमती चाळीस लाखांच्या मोटारीच्याच राहतात. म्हणून खरेदीच्या रकमेबाहेर पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीची स्वतंत्र तजवीज ज्याला करता येत नाही, आणि अवकाळी पावसाने घड हातचे गेले तर ज्याचे गणित त्याच वर्षी कोलमडते, त्याने हा व्यवहार पुढील हंगामावर ढकलावा.

२००७ ते २०११ च्या सुमारास बनलेल्या '३२० डी'च्या डिझेल इंजिनातील टायमिंग चेन झिजून तुटण्याची तक्रार जगभर झाली. ही साखळी इंजिनाच्या मागील, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूस बसविलेली असल्यामुळे ती बदलणे मोठ्या खोलतोडीचे व खर्चाचे काम होते, आणि तुटली तर बहुधा इंजिनच निकामी होते. तिचा खरखराट थंड इंजिन सुरू करतानाच स्पष्ट ऐकू येतो. यास्तव मोटार पाहावयास सकाळी जावे, आणि बॉनेटवर हात ठेवून ती आधीच तापवून ठेवलेली नाही याची खातरजमा करावी.

परंतु आपल्या जिल्ह्यात याहून गंभीर शंका पाण्याची आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी धोक्याच्या ४५ फुटांच्या खुणेवरून ५७ फुटांपलीकडे गेली, जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला, आणि या पाण्यात बुडालेल्या वाहनांपैकी काही धुऊन-पुसून बाजारात परत आली नसतील असे समजणे भाबडेपणाचे होईल. साध्या मोटारीत पाणी शिरले तर ते बव्हंशी निस्तरता येते. जर्मन सेदानमध्ये मात्र विद्युत्-नियंत्रक व त्यांच्या तारांचे जोड आसनांखाली, गालिच्याखाली आणि डिकीच्या तळाशी पसरलेले असल्याने एकदा शिरलेला ओलावा तांब्यावर हिरवा गंज चढवीत वर्षानुवर्षे काम करीत राहतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी गाळाची रेषा आहे काय, आसनाच्या रुळांवर व बोल्टांवर गंज आहे काय, हे स्वतः वाकून पाहावे. विम्याच्या कागदावर 'नो क्लेम बोनस' शून्य असेल, तर विक्रेत्यास कारण विचारावे आणि मागील भरपाईचा तपशील लेखी मागावा.

जमीन घेताना आपला शेतकरी जसा सातबारा, फेरफार आणि बोजा पाहिल्याशिवाय इसार देत नाही, तशीच दक्षता येथे हवी. चासीस क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस केंद्रातील नोंदी मिळवाव्यात. त्यांतील किलोमीटर आणि डॅशबोर्डावरील आकडा यांची रुजुवात घालावी. बँकेचे कर्ज फिटले असले तरी नोंदणी पुस्तकातील बोजा आपोआप उतरत नाही, त्यासाठी बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ लागतो. दहा वर्षांवरील डिझेल मोटारींवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात आणलेल्या बंदीमुळे तिकडील मोटारी मोहक किमतीत दिसतात. पण त्यांना तेथील ना-हरकत दाखला, महाराष्ट्राचा कर आणि नवा क्रमांक लागतो, हा खर्च धरल्यावर ती स्वस्ताई पुष्कळदा उरतच नाही.

ताबा घेतल्यावर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे ३० दिवसांच्या आत हस्तांतरणाचा अर्ज दाखल करावा. ही मुदत विक्रेत्याच्याही हिताची आहे, कारण नोंदणीत ज्याचे नाव राहते तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विम्यासाठीही १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज द्यावा. मोटारीबरोबर तृतीय पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप येते, पण मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण पॉलिसीवर त्याचे नाव चढेपर्यंत येत नाही.